एक दोडका, बासष्ट ताटं

पोरांच्या पोटात काय जातंय
ते शिंत्रे बाईंच्या वहीत असतं.
काय जात न्हाई, ते मला ठावं.
ताटं मी घासते.

कडेला सारलेली मेथी,
भाताखाली पुरलेली वांग्याची फोड.
एकदा तर गवारीच्या शेंगा
खिडकीच्या फटीत उभ्या,
प्रार्थनेच्या रांगेगत, उंचीप्रमाणं.

बाईंनी भिंतीवर तक्ता लावला :
गाजर म्हणजे डोळे, पालक म्हणजे रक्त.
पोरांनी पाठ केला, घडाघडा म्हटला,
आणि सुट्टीत पाच रुपयांचा पुडा फोडून
बोटं पिवळी करून घेतली.
तक्त्यातल्या गाजराला दुसऱ्या दिवशी मिशा.

आमची शाळा शुक्रवार पेठेतली.
त्या साली पंचगंगा वर्गात येऊन गेली,
फळ्याच्या निम्म्यापर्यंत.
रेघ अजून हाय, कितीदा रंगवली तरी वर येते.
जाताना बाकं नेली, वह्या नेल्या,
माझं मोठं पातेलं नेलं,
आणि मागच्या अंगणात
काळा, लोण्यागत गाळ ठेवून गेली.
बाई म्हणाल्या, यात काहीतरी लावूया.
मी म्हटलं, दोडका.
पोरं म्हणाली, ईऽऽ.

बी माझ्या माहेरचं, वडणग्याचं,
मशेरीच्या रिकाम्या डबीत आणलेलं.
हात धुतल्याचं पाणी चर काढून सोडलं तिकडं.
मग काय, जेवायच्या आधी न सांगता हात धुवायला लागली,
एकेक जण तीन-तीनदा.
वेल तिसरीच्या खिडकीचे गज धरून चढला
आणि पाढे चुकणाऱ्यांना बघायला
बाहेर काहीतरी झालं.

त्यात उजैर बागवान.
बाप कपिलतीर्थाला भाजी विकतो,
पोरगं एक पान खाईल तर शपथ.
मला म्हणाला, मावशी, ही फुलं कवा उमलत्यात?
सकाळी बघावं तर मिटलेली, दुपारी बघावं तर मिटलेली.
मी म्हटलं, तुम्ही घरला गेल्यावर.
दोडक्याला तुमचा दंगा सोसत न्हाई.

त्या दिवशी शाळा सुटली, हा सुटला न्हाई.
पाण्याच्या टाकीमागं बसून राहिला, दप्तर मांडीवर.
मी पातेलं घासत होते.
दिवे लागायच्या सुमाराला आला,
आणि कुणी निजलंय घरात अशा आवाजात म्हणाला,
मावशी, उघडलं.

दुसऱ्या दिवशी ते अख्ख्या शाळेला कळलं.
तक्ता म्हणतात तसं न्हाई.
कानात सांगतात तसं.

पहिला दोडका रोज पट्टीनं मोजला.
काढायला कुणी देईना,
वाढू दे की, अजून वाढू दे की.
शेवटी मी सांगितलं,
आता न्हाई काढला तर आंघोळीला अंग घासायला होईल.
तेव्हा काढला.

शेंडा चाखून बघितला, कडू न्हाई.
शिरा काढल्या, तीळ घालून चटणी केली.
राहिला एवढासा गर, आणि ताटं बासष्ट.
माझ्या हातानं आयुष्यात इतकं बारीक चिरलं न्हाई,
लग्नातली काकडीसुद्धा.
मुगाच्या आमटीत सोडलं,
आणि वाढताना एकेकाला दाखवत गेले,
हा तुझा. हा तुझा.

आमटीत बोटं घालून शोधली त्यांनी आपापली चकती.
उजैरनं खिडकीकडं धरली,
पलीकडनं उजेड दिसला.
एक जण म्हणाला, मावशी, चव कळायच्या आत गेला,
अजून घाला.
अजून कुठला घालणार?
वीस वर्षं खिचडी शिजवतेय,
दोडका संपला म्हणून कुणी रडलेलं
पहिल्यांदा बघितलं.

ताटं आली. चाटूनपुसून.
एकाच ताटात, कडेला, ती चकती.
माझा जीव खट्टू झाला.
तेवढ्यात उजैर पळत आला, वहीचं पान घेऊन.
टाकू नका, मावशी, गुंडाळायची हाय.
अब्बा पोत्यानं विकत्यात,
पण त्यांनी हा बघितलेला न्हाई.

दुसऱ्या दिवशी मेथी केली.
मेथी पुन्हा कडेला.

डबी धुऊन वाळत ठेवलीय.
रविवारी माहेरी जाईन म्हणते.