जवारी, नमुना अंक

भोपळे टांगलेत वर, देठाला सुतळी बांधून.
त्यांच्या खाली, मिरजेतल्या या बोळात, लाकडाच्या भुश्शात
आमची संपादकीय बैठक:
लग्नपत्रिका छापणारा मी, भरतेश मगदूम,
शाळेत पेटी शिकवणाऱ्या कुंदाताई आवटी,
आणि जागा ज्यांची, चहा ज्यांचा, ते मौलाचाचा,
जे बैठकीतसुद्धा हातातली कानस खाली ठेवत नाहीत.

मासिक काढायचं. पोरांसाठी. गाण्याबद्दल.
एवढं ठरलंय गेल्या उरुसात.
बाकी काहीच ठरलेलं नाही.
कागद सत्तर ग्रॅमचा की ऐंशीचा,
पानं चोवीस की बत्तीस,
मी वहीत आकडे मांडतो, खाली बेरीज करतो,
आणि बेरजेवर चहाचा कप ठेवतो.

कुंदाताईंना हवेत थाटांचे तक्ते,
दहाच्या दहा, रंगीत, मधल्या पानावर,
भिंतीला चिकटवता येतील असे.
मी म्हटलं, ताई, पोरांच्या भिंतीवर आधीच पाढे आहेत,
पाढे बघून कोण गणितात रमलंय?
त्या रागावल्या. पण कोमल.
मला हवा जतकडचा गजी ढोल,
आणि बॅन्जो पार्टीतला तो कॅसिओवाला पोरगा,
वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढं
उलटा चालत वाजवतो, एकदाही न अडखळता.
त्याची मुलाखत.
"बॅन्जो?" कुंदाताईंनी असं विचारलं
जणू तानपुऱ्यात कुणी चिवडा ओतला.

नावावर तीन शनिवार गेले.
स्वरांकुर, नादबाल, सूरसुमन,
अशी नावं की मुखपृष्ठावरच पोरगं पेंगावं.
शेवटी मौलाचाचाच बोलले, घोडीवर कानस फिरवत,
"जवारी ठेवा की."

तारेखालची ही हाडाची पट्टी.
केसभर घासली की तार उघडते,
आणखी केसभर घासली की मरते.
चाळीस वर्षं ते या दोन केसांच्या मधे बसलेत.

ठरलं तर. मी अक्षरं जुळवली, अर्ज भरला.
पोस्टातल्या बाई चष्म्यावरून म्हणाल्या,
"शेतीविषयक ना? मग ज अर्धा पाहिजे."
घरी आईनं ऐकलं, तिला वाटलं गावरान:
जवारी वांगं, जवारी काकडी,
बिनखताचं, आपल्याच परड्यातलं.
म्हटलं, झकास! एका वर्गणीत तीन अर्थ.

आणि इतके दिवस कोपऱ्यात
पितळेचे पडदे घासत बसलेला शहाबाज,
चाचांचा नातू, वय वर्षं बारा,
म्हणजे नेमका आमचा वाचक,
त्याला आम्ही काही विचारलंच नव्हतं.
आज चहा द्यायला आला तेव्हा विचारलं.
कप ठेवत म्हणाला,
"भोपळा कडू असतो ते लिहा पहिलं.
गोड असता तर मंगळवेढ्यातच भाजी झाली असती,
सतार कुठली व्हायला?"

कानस थांबली.
मी वर पाहिलं. इतके शनिवार डोक्यावर लोंबत होते,
मला कधी चव विचारावीशी वाटली नाही.
कुंदाताईंनी तक्ते रद्द केले नाहीत,
पण पान एकवरून ते अकरावर गेले,
आणि पेन त्यांनी शहाबाजकडं दिलं.
"ऱ्हस्व-दीर्घ मी बघते," एवढंच म्हणाल्या.

नमुना अंक हातानंच लिहिला, सोळा पानी.
स्टेपलरमधल्या पिना संपलेल्या.
चाचांनी तुटक्या तारेचा एक तुकडा घेतला,
दोन भोकं पाडून आतून ओवला, पकडीनं पिळला.
अंक बांधला गेला.
फक्त पान उलटताना तार कागदाला घासते,
बारीक, नाकातून आल्यासारखा आवाज येतो.

मी म्हणतो, काढून टाकू. चाचा म्हणतात, राहू दे.
शहाबाज नुसता पानं उलटतोय, पुढं, मागं, कानाशी धरून.
हा विषय पुढच्या शनिवारी.
वर्गणीचाही.