जंतूंची वाट

सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक हौद.
कधीतरी कशासाठी तरी बांधला, मग सगळेच विसरले.
तन्वीरने त्यात सात गप्पी सोडले, कुर्ल्याहून पिशवीतून आणलेले,
आणि खिडकीखालून हाक मारली,
"परुळेकरकाका, तुम्ही पाणीखात्यात होतात ना?"

होतो. एकतीस वर्षं, भांडुपला.
रात्रपाळीत क्लोरीनच्या काट्यावर डोळा ठेवून
झोपलेल्या मुंबईच्या पाण्यातले जंतू मारत होतो.
सकाळी तुम्ही चूळ भरायचात, मी घरी जायचो.

हौदाचं पाणी पोपटी.
कोपरापर्यंत हात घातला, मनगट दिसेना.

जेठवाकडून निळा पिंप आणला, साठ लिटरचा,
आधी त्यात व्हिनेगर असणार, अजून नाकात जातं.
एक इंची पाइप, दोन एल्बो, एक निपल.
एमसील घरात होतं, अर्धं दगड झालेलं.
कूलरचा पंप तन्वीरच्या मामाचा, न विचारता.
तळाला फुटक्या विटा,
त्यावर भांड्यांच्या घासण्या, चाळीस
("हॉटेल काढताय की काय?" जेठवा),
आणि सगळ्यात वर माझ्या उशीतला फोम.
"मग तुम्ही झोपणार कशावर?"
कोण झोपतंय.

पिंप आधी निपलपाशी गळला, मग चालला.
नवव्या दिवशी तळाची फरशी दिसली,
तिच्यावरचा कुणाचा तरी चमचासुद्धा.
आणि गप्पी वर येऊन तोंडं उघडत होते.
दोन उलटे.

"पण पाणी तर साफ आहे, काका."

साफ आहे, हो.
रोज संध्याकाळी मी फोम काढायचो,
नळाखाली धरायचो, खळखळून पिळायचो, पांढरा होईपर्यंत.
नळाचं पाणी. आमच्या खात्याचं. मोजून क्लोरीन घातलेलं.
दिवसभरात जे काही मुकाट येऊन
फोमच्या भोकांत बिऱ्हाड मांडत होतं,
माशांचं विष खाऊन पचवणार होतं,
त्याला मी रोज सहाच्या सुमाराला मारत होतो.
सवयीने. पेन्शनीत.

आता बादली संध्याकाळी भरून अंगणात उघडी ठेवतो.
रात्रभरात क्लोरीन उडून जातो,
कुठे जातो ते एकतीस वर्षांत विचारलं नाही.
फोम हौदाच्याच पाण्यात एकदा दाबतो, तोही पंधरवड्याने.
बाकी काही करायचं नाही.
हे काम मला येत नाही, शिकतोय.

सहावा आठवडा. गप्पी पाच,
आणि काडीच्या टोकाएवढी काही, मोजू देत नाहीत.
तन्वीर पिंपाचं झाकण उचलतो.
मी हात घालून एक वीट चाचपतो: बुळबुळीत.
"धुऊ?" तो विचारतो.
नाही, म्हणतो मी. आलेत ते.
आणि ओलं बोट तसंच धरून उभा राहतो,
सदऱ्याला पुसत नाही.