अधिक चार हजार दोनशे

"इंजिनाला हात लावून बघा," साळवेकाका म्हणाले,
"मुद्दाम गरम करून ठेवलेली नाही."
शरणपूरची गल्ली, सकाळचे सव्वासात.
मी तळहात टेकवला.
गार. माठाखालच्या फरशीसारखं.

याआधी तीन गाड्या पाहिल्या होत्या.
द्वारकेला एक, टाकीवर कालचाच रंग.
सातपूरला एक, बारा वर्षांत म्हणे अकरा हजार किलोमीटर,
मालक नजरेला नजर देईना.
तिसरीचं तर नावच काढत नाही.
भाऊ म्हणाला, ताई, स्कूटर घे,
पाय टेकतात, डिकीत भाजी मावते.
भाजी!
त्रेचाळीस वर्षं कशात काय मावतं
हेच तर बघत आले.

ही लांबुडकी, बुटक्या सीटची क्रूझर,
हँडल असं मागे वळलेलं, जणू कुणी आरामखुर्चीचे हात धरलेत.
टाकीवरचा क्रोम फक्त गुडघ्यांपाशी झिजलाय,
दोन्हीकडे सारखाच.
मीटरवर अडुसष्ट हजार सहाशे चाळीस.
मी मनातल्या मनात खूश झाले, तेवढ्यात काका म्हणाले,
"आधी एक लिहा. पाचच आकडे मावतात त्याच्यात.
एकदा पूर्ण फिरून आलंय ते.
आणि वर चार हजार दोनशे मिळवा.
चौदा साली केबल तुटली होती, साडेतीन महिने मीटर बंद.
पेट्रोलवरून हिशेब काढलाय. खात्री नाही,
म्हणून पेन्सिलीनं लिहिलाय."

मीटर मागे फिरवणारे मला ठाऊक होते.
पुढे ढकलणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं फिटर,
विमानांच्या चाकांवर हात बसलेला.
तीच सवय घरी आली, दोनशे पानी वहीत, रेघा मारून:
दिनांक, किलोमीटर, काम, शेरा.
तेल बदललं. शेरा: जुनं तेल स्वच्छ.
मागचा टायर. शेरा: साक्रीला पंक्चर, काढणारा मुलगा डावखुरा.
क्लच केबल. शेरा: कसारा घाटात धुकं, सुशीला मागे झोपली,
ओढणीनं बांधून घेतली.
आणि एका पानावर, काम या रकान्यात:
काही नाही. फक्त पुसली.

सुशीलाकाकू चहा घेऊन आल्या.
"न्या एकदाची," म्हणाल्या, "यांचे दोन्ही गुडघे बदलले,
हिचं काही बदलायचं राहिलं नाही."
पण कप उचलून आत जाताना
मागच्या टेकूवरची धूळ त्यांनी हातानं झटकली.
धूळ नव्हती.

किंमत बेचाळीस.
ज्यानं स्वतःहून एक लाख जोडले, त्याच्यापुढे काय घासाघीस करणार?
तरी केली. आईनं तेवढं तरी शिकवलंय.
दोन हजार कमी करा म्हटलं.
एक केला. दुसरा नव्या चेनचा आहे म्हणाले,
आणि चेन दोन बोटांनी वरखाली हलवून दाखवली,
नाडी बघावी तशी.

मेन स्टँडवर चढवून दाखवा, ते म्हणाले.
पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.
"ताकद लावू नका. पायावर उभ्या राहा नुसत्या, वजन तुमचंच आहे."
उभी राहिले.
गाडी आपोआप मागे सरकून वर बसली,
म्हैस पाण्यात बसते तशी, सावकाश.

कागद पेठ रोडला, आरटीओत, सोमवारी.
वही आजच माझ्याकडे.
काका फाटकापर्यंत आले, पुढे नाही,
इंजिनाच्या आवाजाकडे मान कलती करून उभे.
मी वळताना आरशात पाहिलं:
मान अजून तशीच.

रात्री सिडकोतल्या स्वयंपाकघरात
ओट्यावर वही उघडली, रकाने त्यांचेच.
दिनांक लिहिला.
किलोमीटर, एक लाख बहात्तर हजार आठशे बावन्न,
पेन्सिलीचे चार हजार दोनशे धरून.
काम: पेट्रोल, पाचशेचं.
शेरा: मायको सर्कलला दोनदा बंद पडली. मागून रिक्षांचे हॉर्न.
चूक माझी.

हे मात्र पेननं.