आजनी रात

भुसावळला पेसाह ऐन उन्हात येतो.
क्वार्टरच्या पत्र्यावर दुपार तडतडते
आणि मी भिंतींना चुना मारते,
भांडी कल्हईला देते,
पिठाचे डबे उपडे घालते अंगणात.
माझ्या माहेरी, रेवदंड्याला, याला म्हणायचे
अनाशी ढाकाचा सण,
आंबटाची बरणी झाकून ठेवायचा.
हे सांगितलं तर हदासा
दिवसभर बरणीच शोधत राहिली.

शेजारच्या केवळबाईनं नवं खापर आणून दिलं,
अजून एकही मांडा न पाहिलेलं.
पाणी पडल्यापासून अठरा मिनिटं,
तेवढ्यात भाकर भाजून उतरली पाहिजे.
वेळ हे धरतात, गार्डाच्या घड्याळावर,
तिथे सेकंदाचीही उधारी नाही.
"सुटली!" म्हणून ओरडतात,
आणि तिन्ही पोरं धावतात पोळपाटाकडे,
हदासा, एफ्राइम, केवळबाईचा गोकुळ,
पीठ फुगायच्या आत
गाडी पकडायची असल्यासारखी.
मला शिकवायचं होतं ते एवढंच.
बाकीचं पुस्तकात आहे.

रात्री ताट मांडलं.
मिठाचं पाणी, उकडलेलं अंडं, भाजलेलं हाड.
कडूसाठी इथे कडुनिंब.
"हाई त आम्ही पाडवाले खातस," गोकुळ म्हणाला, "गूळसंगे."
आज गुळाशिवाय, मी म्हटलं.
त्यानं चावलं, आणि तोंड वाकडं केलं नाही.
खजुराचा शिरा म्हणजे विटांचा चिखल.
एफ्राइम म्हणाला, तापीकडच्या भट्टीवर
त्याच्या वर्गातली एक मुलगी विटा वाहते.
मी पान उलटलं.

धाकट्यानं प्रश्न विचारायचा असतो.
हदासानं महिनाभर घोकलेली इब्री ओळ
तिसऱ्या शब्दावर अडली.
डोळे भरले, ओठ हलेनात.
तेव्हा टेबलाच्या टोकाकडून गोकुळ:
"आजनी रात इतली येगळी काबर शे, काकू?"

मग मी सांगत गेले.
मिसर, फारो, मोशे, नदी.
एकेका आपत्तीला पेल्यातून
मनुकांच्या पाण्याचा एकेक थेंब
बोटानं बशीत काढायचा,
दुसऱ्याच्या दुःखावर आपला पेला भरलेला नको.
रक्त. बेडूक. उवा.
गारा आल्या तेव्हा गोकुळनं मान हलवली,
त्याच्या मामाची केळी गेल्या साली आडवी झाली होती.
टोळ. अंधार.
मग दहावी. घरातला पहिला मुलगा.
आमच्या दारांवर खूण होती, मी म्हटलं,
म्हणून ती आमचं घर ओलांडून गेली.
आणि चौकटीवरचा कागद दाखवला,
आजोबांच्या हाताचा ठसा,
बकऱ्याच्या रक्ताचा, आता काथ्याच्या रंगाचा.

एफ्राइम पाठ ताठ करून बसला.
तो पहिला.
गोकुळ बराच वेळ कागदाकडे बघत होता.
"मी बी पहिलाच शे," तो म्हणाला.
"आमना दारवर काहीच नही."

हे खूप जुनं आहे, मी म्हणाले.
आता तसं काही होत नाही, मी म्हणाले.
पुस्तकात पुढे बघितलं. तिथे काही नव्हतं.
सणाच्या रात्री काम वर्ज्य.
यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
आणि उठून मोरीजवळची
उरलेल्या चुन्याची बादली आणली.

केवळबाईच्या दारावर पाच बोटं उमटली,
खाली ओघळ, करंगळी अर्धवट.
ती भांडी टाकून बाहेर आली,
हात पुसत ठशाकडे बघितलं.
नव्या सुनेचे थापे घेतलेत तिनं भिंतीवर,
तिला विचारायचं काही नव्हतं.
फक्त म्हणाली, "हात धोई टाक रे, चुना लागी."

परत येऊन बसलो.
कुठलीशी मालगाडी लांबच लांब जात राहिली,
ती संपेपर्यंत कुणी वाचलं नाही.
मग हदासानं विचारलं,
घोकलेलं नव्हे, तिचं तिचं:
"आई, मिसरातल्या त्या मुलांना
शेजारी नव्हते का?"

दहा थेंब बशीत होते.
मी बोट पुन्हा पेल्यात बुडवलं.