चार रात्री

इस्तंबूलला चार रात्री. कार्सहून बसनं एक अख्खा दिवस.
रिझानं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला
आणि सगळे त्यात डोकी घालून बसले.

तुंजायला मेट्रो हवी दाराशी.
बेर्रिनला खिडकीतून समुद्र, निदान त्याची एक फाक.
सासूबाईंना जिने नकोत,
आणि मशीद गुडघ्यांना झेपेल इतकी जवळ.

रिझा भाव बघत होता.
‘हे घ्या, उस्कुदारला, धक्क्याच्या मागे. आख्खं घर!
चार बर्नरची शेगडी, फ्रिज,
पातेलीसुद्धा आहेत. बाहेर खायचा खर्चच नाही.’
सगळ्यांचे चेहरे उजळले.

मी मसूर निवडत होते.
‘मला स्वयंपाकघर नको,’ म्हटलं.
आवाज माझाच होता.
ताटलीत एक खडा वाजला.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग सासूबाईच म्हणाल्या,
‘हॉटेल बघ रे. चढेन मी जिने.’

तिसरा मजला. समुद्र नाही, समोर टायरचं दुकान.
पहिल्या सकाळी साडेपाचलाच जाग आली, सवयीनं,
आणि हातांना काही सुचेना.
पांघरुणावर पडून राहिले दोघे
परक्या घरी आल्यासारखे, अवघडून.

खाली कुणीतरी चहाचे पेले विसळत होतं,
काचेवर काच.
मी पडल्यापडल्या मोजत गेले.
अकरा, बारा…
तेरावा बद्द वाजला.
तडा गेलाय त्याला.
उतरल्यावर तिला सांगायला हवं,
हात कापेल.