कलम सात

आंतरराष्ट्रीय कक्ष म्हणजे
बियाणे गोदामाला लागून असलेली खोली.
एक टेबल, एक मी,
भिंतीवर जगाचा नकाशा. त्यात परभणी नाही.
माझ्या आधीच्या क्लार्कनं
बॉलपेननं टिंब काढून ठेवलंय.

करारनामा मीच टाइप केला.
एक प्रत इंग्रजी, एक फ्रेंच.
फ्रेंच प्रतीतली माझी चूक
अजून कुणाला सापडलेली नाही.
कलम तीन: दोन तिकडून, दोन इकडून.
कलम सात: बी, रोप, माती, परागसुद्धा
परवानगीशिवाय हद्दीबाहेर जाणार नाही.
खाली दोन कुलसचिवांच्या सह्या,
एक लपेटदार,
एक भूकंपमापकावर उमटावी तशी.

दोघींऐवजी एकच आली.
रकिया इसुफू, नायजर.
"नायजेरिया म्हणा की," एसपी ऑफिसातले हवालदार म्हणाले,
"यादीत तेवढंच आहे."
चौथ्या खेपेला नायजर झालं.

वसतिगृहात तिला विचारलं,
एवढ्या लांबून काय शिकायला आलीस?
म्हणाली, ज्वारी.
शेवंताबाई तव्यावर भाकर तशीच टाकून बाहेर आल्या.
ज्वारी शिकायला विमानानं येतात
हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तिच्या भाषेत ज्वारीला म्हणतात दवा.
गफारचाचा चहाचा ट्रे धरून हसले,
"सही नाम है बेटा,
हमारे अब्बा यहीच खाके नव्वद साल चले."
टारफुल्याला तिच्याकडं म्हणतात आग-आग.
तिकडचा फुलतो जांभळा, आमचा पांढरा.
मुळाशी बसून दोघं पितात सारखंच.

इकडून गेली प्रणिता खिल्लारे, सेनगावची.
तिची आई कक्षात आली, बसली नाही.
"तिकडं भाकर मिळंल का पण?"
मी म्हटलं, मावशी, ज्वारी तिकडूनच आली म्हणतात,
हजारो वर्षांमागं.
"मग तवा कशाला देऊ सोबत," म्हणाल्या,
आणि दिलाच.
तेवीस किलोंत चार किलो तवा.

मग बैठका, पडद्यावरच्या.
साडेचार तासांचं अंतर.
आमची लाइट गेली की त्यांची सकाळ थांबायची,
त्यांची गेली की आमची दुपार.
कुणीच कुणाची माफी मागायचं नाही.
एवढं साम्य
करारात लिहायचं राहूनच गेलं.

जायच्या दिवशी रकियानं
ओढणी, बूट, वहीचे सांधे
माझ्या टेबलावर झटकले.
कलम सात.
एक दाणा पडला, दगडी ज्वारीचा.
आम्ही दोघी त्याच्याकडं बघत राहिलो,
जसं काही तोच आता बोलणार आहे.
मग तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला
आणि माझी बोटं मिटली.
ड्रॉवरमध्ये आहे, टाचण्यांच्या डबीत.
आवक-जावक रजिस्टरला नोंद नाही.

आता मुदतवाढीचा फॉर्म आलाय.
रकाना नऊ: फलनिष्पत्ती. फक्त आकड्यांत.
लिहिलं: येणे एक, जाणे एक.
शोधनिबंध एक, दुरुस्तीसाठी परत आलेला.
तवा तिकडंच राहिला, ते लिहिलं नाही.
शेवंताबाई कण्या घोटताना
आता तुवो म्हणतात, पोरी हसतात,
तेही नाही.

परवा उठले,
म्हटलं नकाशावर दुसरं टिंब काढावं.
तर तिथं ते आधीच होतं,
हिरव्या शाईचं,
पुढं गावाचं नाव, मुंगीएवढ्या देवनागरीत.
पहिली वेलांटी हवी तिथं दुसरी.
मी दुरुस्त केली नाही.

फ्रेंच प्रतीतली चूकही
तिला दिसली असणार.