पल्स पासष्टच्या खाली

अठ्ठ्याऐंशी आहे, म्हणाल्या तांबोळी मॅडम,
पासष्टच्या खाली आल्याशिवाय आत घेता येणार नाही.
गोळी दिली. बसा म्हणाल्या. कसलाही विचार करू नका.

कर्वे रोडच्या त्या तळघरात आम्ही चौघं निळ्या गाउनमध्ये.
पाठीवरची नाडी स्वतःची स्वतःला बांधता येत नाही,
ती शेजारच्या परांजप्यांनी बांधून दिली.
मनगटावरचीला मात्र
कुणी काही करू शकत नव्हतं.

विचार करू नका म्हटल्यावर विलासदादा आला.
धायरी फाट्याच्या सिग्नलला छातीत आलं
तर त्याने आधी स्कूटर बाजूला घेतली,
मेन स्टँडला लावली,
चावी काढून खिशात घातली,
आणि मग फुटपाथवर बसला तो बसलाच.
साखर नाही, तंबाखू नाही, दर रविवारी सिंहगड.
एकोणपन्नास.

पंच्याऐंशी, म्हणाल्या मॅडम. अजून बसा.

मी गिझर दुरुस्त करतो. धायरी, नऱ्हे, आंबेगाव,
सगळं बोअरचं आणि टँकरचं पाणी.
कॉइल बाहेर काढली की पांढरं कवच निघतं, जाड, चुन्यासारखं.
लोक दचकून विचारतात, कधीपासून झालं हो हे?
पहिल्या दिवसापासून, मी सांगतो,
आणि सातशे रुपये घेतो.

चौसष्टला आत घेतलं.
हात डोक्यावर, कुणी पिस्तूल रोखल्यासारखे.
जिभेखाली फवारा. शिरेत औषध,
ते गरम गरम पोटातून खाली उतरतं
आणि वाटतं, चड्डीतच झाली.
मॅडमनी आधी सांगितलेलं असतं, तरी वाटतंच.
यंत्र हिंदीत बोलतं. सांस रोकिए.
मी रोखला.
दोन ठोक्यांच्या मधे हृदय जरासं थांबतं म्हणे,
तेवढ्यात फोटो काढतात.

एकावन्न वर्षं हे थांबत थांबत चाललंय
आणि मला पत्ता नाही.

स्कोअर दोनशे बारा, म्हणाले केळुसकर डॉक्टर,
तुमच्या वयाच्या शंभर जणांत एकोणनव्वद तुमच्या मागे.
दहावीला मला बेचाळीस टक्के पडले होते.
हसावं का कळेना. लेक शेजारी होती, म्हणून नाही हसलो.

स्क्रीनवर पांढरे ठिपके. ओळखीचेच.
अ‍ॅसिड टाकून निघत नाही का, मी विचारलं.
नाही. वाढू द्यायचं नाही, एवढंच हातात.
आणि पांढऱ्याला तेवढं घाबरू नका,
ते जुनं आहे, बसलंय जागेवर.
हे करडं बघा, कडेला. मऊ आहे.
फुटतं ते बहुतेक असलं.

कधीपासून, हे मी विचारलं नाही.

रात्रीची एक गोळी, सकाळची एक, वडापाव बंद,
प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या हृदयाची सीडी.
लेक रिक्षाने ऑफिसला गेली, पोचल्यावर फोन करा म्हणाली.

धायरी फाट्याला लाल दिवा, एकशेदहा सेकंद.
दादा बसला तिथे आता रसवंती आहे.
मी स्कूटर बाजूला घेतली. मेन स्टँडला लावली.
चावी काढली.
दोन बोटं मनगटावर ठेवून मोजले,
घड्याळात बघून, पूर्ण मिनिट, मागचे हॉर्न धरून.

अडुसष्ट.

रसवाल्याने विचारलं, बर्फ घालू?
नको म्हटलं, आणि निघालो.
नऱ्ह्यात एकांचा गिझर सकाळपासून तापत नव्हता.